लाईट गेल्यावरची फायनल

आमच्या शेजारचे सर आईच्या पोटातून शिट्टी वाजवतच बाहेर आले असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेत पीटी शिकवण्यात त्यांची हयात गेली. सर निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. रिक्षाच्या रांगेत कोणी मध्ये घुसला की शिट्टी, भाजीवालीने काटा मारला की शिट्टी, काकूंनी न विचारता तिसरी पोळी वाढली तरी शिट्टी. एका लग्नात भटजी मंगलाष्टकं फारच लांबवू लागले, तेव्हा सरांचा हात गळ्याकडे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. काकूंनी तो वरच्या वर धरला म्हणून ते लग्न सुखरूप लागलं. मलाही शिट्टी शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. "गालातून नाही रे, पोटातून हवा काढ!" माझ्या पोटातून फक्त खोकला निघायचा.

आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं कबड्डीचं मैदान होतं. त्यामुळे सर आमच्याकडे साखर मागायला आले तरी स्वयंपाकघराच्या दारात थबकायचे आणि म्हणायचे, "इथे मध्यरेषा होती." आमच्या गॅसच्या शेगडीपाशी त्यांनी चांदीप गावच्या एका आडदांड गड्याला बाद दिलं होतं, असं ते इतक्यांदा सांगत की आमची ही फोडणी टाकताना जरा बाजूला सरकून उभी राहू लागली. मैदान गेलं, पोरं घरात टीव्हीला चिकटली आणि कोकणातून, देशावरून आलेली आम्ही मंडळी कामावरून येऊन दारं लावून घेऊ लागलो. सर एकदा मला म्हणाले, "एकदा तरी पुन्हा पंच व्हायचंय रे. पण बघायला माणसं पाहिजेत. माणसं नसतील तर पंच म्हणजे नुसता शिट्टीवाला वेडा." ते हसत बोलले, पण मला हसू आलं नाही.

तेव्हा पोरांमध्ये टीव्हीला जोडायच्या मारामारीच्या गेमचं भलतंच वेड होतं. दोन पैलवान समोरासमोर उभे राहतात आणि रिमोटची बटणं दाबून एकमेकांना बडवायचं, एवढाच तो मामला. सरांनी एक दिवस जाहीर केलं, "पोरं मैदानात येत नाहीत ना? मग मैदान टीव्हीत नेऊ." चेअरमननी बिल्डिंगखालची पार्किंगची जागा दिली, पण अट घातली: मोठी माणसं बघायला आली तरच पुढच्या वर्षी परवानगी, नाहीतर हा धांगडधिंगा पहिला आणि शेवटचा. टीव्ही अर्थातच माझा गेला.

रविवारी संध्याकाळी स्पर्धा सुरू झाली ती अस्सल कबड्डीच्या थाटात. सरांनी टीव्हीसमोर फक्कीने रेषा मारल्या, माझ्या टीव्हीच्या पायाशी नारळ फोडला आणि खेळाडूंची नखं तपासली. मग मागच्या वाडीतून भाजीचा मोठा काटा आणवून त्यावर पोरांची वजनं केली. "अहो, मारामारी टीव्हीत आहे," मी म्हटलं. "खेळ म्हटला की वजनी गट आलाच," सर म्हणाले. वर त्यांनी आणखी एक नियम ऐनवेळी काढला. गेममध्ये एक लढाऊ बाईही होती, आणि सरांच्या पंचगिरीत बाईवर हात उगारणाऱ्याला सरळ बाद. वाडीतल्या केळीवाल्यांची मुलगी हे ऐकून गालात हसली आणि दरवेळी तीच बाई घेऊन खेळली. समोरच्या पोरांना फक्त मार खायची परवानगी होती. ती डोळे मिटून फायनलला पोचली.

"चीटिंग आहे ही, सर!" पोरं ओरडली.

"नियम कोनी केला? मी केला?" ती म्हणाली. "मग मना कशाला बोलताव?"

शेवटी काकूच उठल्या. "अहो, ती बाई एका लाथेत माणूस आडवा करते. तिला तुमची दया कशाला?" सरांनी खालमानेने नियम मागे घेतला. खरं तर त्यांचं लक्ष खुर्च्यांकडे होतं. मांडलेल्या खुर्च्यांवर काकू, मी आणि एक मांजर. पोरांचे आईबाप वर आपापल्या घरी टीव्ही बघत होते.

फायनल वाडीतली मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा यांच्यात. एकेक डाव दोघांनी जिंकला, तिसरा रंगात आला, आणि लाईट गेली. माझा टीव्ही डोळा मिटल्यासारखा विझला. सरांचा चेहरा तर त्याहून विझला. पण त्या उकाड्यात पंखे बंद पडल्याबरोबर वरची दारं उघडली, आणि पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत अख्खी बिल्डिंग खाली उतरली. आली होती वाऱ्याला, पण सरांच्या डोळ्यांत गर्दी मावेना. त्यांनी पोटात हवा भरून घेतली आणि शिट्टी फुंकली. "डाव चालू! तोंडाने खेळा!"

दोघं रेषेवर समोरासमोर उभे राहिले.

"मी उडी मारली!" मुलगा म्हणाला.

"मी तंगडी धरली, पाडला!"

"मी आधीच मागे गेलो होतो!"

"थांबा!" सर गुडघ्यावर बसले, मग पालथे झोपले आणि तिथे नसलेल्या पैलवानाचा नसलेला खांदा जमिनीला टेकला का, ते बारकाईने पाहू लागले. "टेकला नाही. चालू!" चेअरमन खुर्चीवर उभे राहून ओरडले, "अहो सर, टेकला! मी पाहिला!"

एवढ्यात लाईट आली. टीव्ही केकाटला, वरच्या घरांतले दिवे लागले. कोणीच वर गेलं नाही. "बंद करा तो टीव्ही!" चेअरमनच गरजले, आणि फायनल तोंडानेच पुरी झाली. मुलगी जिंकली. वसईच्या सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं तिला बक्षीस मिळालं. सुकेळी तिच्याच वाडीतली होती, तरी तिने ती सगळ्यांना वाटून आनंदाने खाल्ली. सर फक्कीने पांढरे झालेले कपडे झटकत मला म्हणाले, "बघितलंस? मैदान भरलं होतं."

मग सर असेपर्यंत दरवर्षी फायनलला ते स्वतः जाऊन मेन स्विच बंद करायचे.

आता सर नाहीत. घरोघरी इन्व्हर्टर आहे, लाईट गेलेली कळतसुद्धा नाही. परवा आमचा इन्व्हर्टर बिघडला होता आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली, म्हणून मी खाली पार्किंगमध्ये आलो. कोणी नव्हतं. काकूंनी दिलेली सरांची शिट्टी खिशात होती. मी ती ओठांना लावून पोटातून हवा काढली, पण नुसता खोकलाच आला.