नामपूरचं वायफाय

अंबडच्या ज्या कंपनीत मी काम करते तिथे पत्र्याचे भाग दाबून काढण्याचे साचे बनतात. साच्यांतलं मला काही कळत नाही. कंपनीतले झाडून सगळे कम्प्युटर मात्र माझ्या ताब्यात आहेत. ताब्यात हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते. कुणाला काय उघडता येईल आणि काय नाही हे ठरवायची मला सवय लागली होती, आणि ती सवय मला आवडायची. कुणी पासवर्ड विसरून माझ्या टेबलापाशी आला की मी दोन मिनिटं त्याला उभं ठेवायचे. काम तीस सेकंदांचं असायचं.

लॉकडाऊन संपल्यावरही आमच्याकडे घरून काम करायची पद्धत थोडीफार टिकली होती. डिझाइनची माणसं आठवड्यातले एक-दोन दिवस लॅपटॉप घरी न्यायची, घरच्या वायफायवरून नाहीतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडून घ्यायची. मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली. त्यांची ड्रॉइंग्ज आमच्या लॅपटॉपमध्ये असतात, तेव्हा त्यांना विचारायचा हक्क होता. त्यांना दिसलं, की आमच्या मार्केटिंगच्या एका लॅपटॉपमध्ये हॉटेलं, विमानतळ, कुठलंसं चहाचं दुकान अशा पन्नासेक वायफायची नावं साठलेली आहेत. मालकांचा चेहरा उतरला. ते लोक गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपले लॅपटॉप आपल्या वायफायशिवाय दुसऱ्या कशालाही जोडले जाता कामा नयेत. कसं करायचं ते तुम्ही बघा."

मी बघितलं. एका रविवारी बसून सगळ्या लॅपटॉपवर नियम चढवला. आमच्या वायफायचं नाव दिसलं तरच जोडायचं, बाकीची नावं यादीत दिसणारच नाहीत. ज्यांना सूट हवी त्यांनी अर्ज करायचा, त्यावर विभागप्रमुखाची आणि मालकांची सही. सूट दिलेल्यांची यादी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी तीत चार नावं गेली: मालक, त्यांचा मुलगा, मार्केटिंगचे साहेब आणि मी. माझ्या नावापुढे कारण लिहिलं, 'चाचणीसाठी'. त्या चाचणीच्या जोरावर मी माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा सहा दिवस तिच्या खाटेशेजारी बसून काम केलं. अर्ज नाही, सही नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे तो डिझाइनमध्ये होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर बसायचा. मला ताई म्हणायचा. मूळचा बागलाणातल्या नामपूरचा, एकुलता एक मुलगा, लग्न राहून गेलेलं, एक बहीण सटाण्याला दिलेली. त्याची आई त्याच्याकडे पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये राहायची तेव्हा त्याच्या डब्यात ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी असायची आणि अर्धी मी खायचे. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा असते. एका वर्षी तो आईला घेऊन आला होता. ठेंगणी, डोक्यावर पदर, फार बारीक नजर. झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांमधून फिरून ती माझ्यापाशी आली आणि अहिराणीत म्हणाली, "मना पोऱ्या आठे काय काम करस, बाई?" मी तिला त्याच्या स्क्रीनवरचं ड्रॉइंग दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रेघा मारस." आणि खूश झाली.

पुढच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून सुटल्यावर तिला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काही करमेना. जेवायची नाही, डाव्या हाताने सारखी दाराकडे खूण करायची. शेवटी त्याने तिला नामपूरला नेलं आणि ती जेवायला लागली. शेजारच्या एका काकू दिवसा बघायच्या. रजा तर दवाखान्यातच संपल्या होत्या, आणि औषधपाणी पगारावर चालायचं म्हणून नोकरी सोडता येत नव्हती. त्याच्या साहेबांनी तोंडी सांगितलं, "ड्रॉइंग वेळेवर आलं की झालं. कुठून काढतोस ते मी विचारणार नाही." तेव्हापासून तो आठवड्यातले चार दिवस नामपूरला असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

माझा नियम आला तो या सगळ्याच्या मध्ये. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते मला तेव्हाही कळत होतं. त्याने अर्ज करावा, मी तो पुढे सरकवावा, असं माझ्या मनात होतं. पण त्याने अर्ज केला नाही. कारण त्याच्या साहेबांनी दिलेली मुभा तोंडी होती, कागदावर आली असती तर साहेबच अडचणीत आले असते. त्याची ड्रॉइंग्ज मात्र पूर्वीसारखी वेळेवर येत राहिली.

हे कसं, याचा मला पत्ता लागायला दीड महिना गेला. महिन्याचा अहवाल काढताना मला एक चमत्कारिक नोंद दिसली. त्याचा लॅपटॉप सांगत होता की मी कंपनीच्या वायफायवर आहे. सर्व्हर सांगत होता की हा बाहेरून, मोबाइलच्या नेटवरून आलाय. आणि गेटवरचं हजेरीचं यंत्र सांगत होतं की हा माणूस आज आलेलाच नाही. मी खुर्चीत टेकून बसले आणि मला हसू आलं. पठ्ठ्याने आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला आमच्या कंपनीच्या वायफायचं नाव दिलं होतं. पासवर्डही तोच. तो पासवर्ड मी सहा वर्षं बदलला नव्हता आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी मीटिंगच्या खोलीत भिंतीवर चिकटवून ठेवला होता. माझा नियम फक्त नाव बघत होता. नाव जुळलं, लॅपटॉप बिचारा जोडला गेला. नामपूरच्या एका घरात आमच्या कंपनीचं वायफाय चालू होतं.

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या हे मी कबूल करते. एक, माझ्या नियमात भोक आहे. दुसरी, त्या भोकापलीकडे एका आजारी बाईची खाट आहे. मी पहिली गोष्ट हातात घेतली. मी त्याची तक्रार केली नाही, आणि कितीतरी दिवस हा मी माझा मोठेपणा समजत होते. तक्रार न करता मी गुपचूप भोक बुजवलं. प्रत्येक लॅपटॉपला एक ओळखपत्र दिलं, आमच्या यंत्रणेलाही एक दिलं, आणि दोघांनी एकमेकांचं ओळखपत्र तपासल्याशिवाय जोडायचंच नाही असं केलं. आता नुसतं नाव सारखं असून भागणार नव्हतं. काम सुरेख झालं होतं. मी मालकांना दाखवलंही, अर्थात त्याचं नाव न घेता. ते म्हणाले, "वा."

तो सोमवारी आला. अकराच्या सुमाराला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. आता हा विचारणार, लॅपटॉप तिकडं चालत नाही म्हणणार, मग मी म्हणणार, तिकडं म्हणजे कुठं रे? वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. खोटं कशाला लिहू, मला त्याची मजा वाटत होती. एवढं झाल्यावर मी त्याला सूट देणार होते. आधी त्याने मागायला हवी होती, इतकंच.

"ताई," तो म्हणाला, "वरच्या प्रिंटरला कागद अडकतोय."

"बघते," मी म्हणाले. तो आणखी थोडा वेळ थांबला आणि गेला.

त्यानंतर तो रोज ऑफिसात दिसू लागला. शनिवारी दुपारी सुटला की बस पकडून नामपूर, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत थेट कंपनीत. डबा आईच्या आजारपणातच बंद झाला होता, कॅन्टीनमध्ये जेवायचा. दुपारी एक वाजता बाहेर लिंबाखाली उभा राहून काकूंना फोन लावायचा आणि फोन आईच्या कानाला धरायला सांगायचा. ती बोलू शकत नव्हती, तेव्हा हाच बोलायचा. जिन्यावरून जाता-येता ऐकू यायचं. "जेवनी का माय? शनवारले येस." एवढंच पुन्हा पुन्हा. मी जिना उतरायची वेळ बदलली.

असे सात आठवडे गेले. सूट द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. यादीत पाचवं नाव टाकलं असतं तर कुणी बघितलंही नसतं, चौथं कुणी बघितलं होतं? पण तो विचारत नव्हता आणि मी वाट बघत होते. हळूहळू त्या गोष्टीचीही सवय झाली. तो समोर बसलेला असतो, काम करतो, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटायला लागलं.

एका बुधवारी, दुपारी साडेतीनच्या पुढे त्याचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. मग उठून, लॅपटॉप बंद करून, चार्जर नीट गुंडाळून तो माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता विचारतोय.

"ताई, माय गेली," तो म्हणाला. "हा तुमच्याकडे राहू द्या. तिकडं तो चालत नाय."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. कंपनीच्या गाडीने त्याला पोचवलं. लॅपटॉप माझ्या टेबलावर होता आणि मला घरी जायचं सुचत नव्हतं. काकू पाणी भरायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात ती गेली, असं ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. जवळ कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नामपूरला भेटायला गेले. त्याच्या बहिणीने पाणी दिलं. खोलीतली खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, जमिनीवर चार पायांच्या खुणा होत्या. खुणांच्या शेजारी एक पाट होता आणि खिडकीत चार्जरची वायर लोंबत होती.

"मायजोडे आठेच बसे तो," बहीण पाटाकडे बोट करून म्हणाली. आईचा डावा हात चालायचा, त्या हाताने ती त्याची बाही धरून ठेवायची, असं तिने सांगितलं. काम करताना तो एकाच हाताने माउस चालवायचा. बाही सुटली की ती डोळे उघडायची. "मग तुमचं ते नेट बदललं ना, तवापासून ती खाटेची पट्टी धरायची." हे ती अगदी साधेपणाने बोलली. लाइट जाते तसं नेट बदलतं, त्यात कुणाचा हात असतो हे तिला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी आईसाठीच रडते आहे असं त्यांना वाटलं. बहिणीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सोसत नव्हता.

निघताना तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. डोकं भादरलेलं, चेहरा एकदम लहान झालेला. गाडीपाशी थांबून म्हणाला, "ताई, एक सांगतो, रागावू नका. मी तुम्हाला फसवलं होतं." आणि त्याने मला हॉटस्पॉटच्या नावाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट मी नवी असल्यासारखी ऐकली. "मग तुमची सिस्टीम बदलली आणि बंद पडलं. मी तुम्हाला विचारायला आलो होतो. टेबलापाशी उभा पण राहिलो. पण विचारलं तर चोरी उघडी पडेल आणि साहेब पण अडकतील, म्हणून प्रिंटरचं काहीतरी सांगितलं." त्याने गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तेच डोक्यातून जात नाही. मी तेव्हा सरळ विचारलं असतं, तर तुम्ही काहीतरी केलं असतं ना?"

मला सगळं माहीत होतं, मीच बंद केलं, तू उभा होतास तेव्हाही मला माहीत होतं, एवढं सांगायला तीन वाक्यं पुरली असती. दोन्ही उत्तरं माझ्यासमोर होती. मी स्वतःला वाचवणारं निवडलं.

"हो," मी म्हणाले. "केलं असतं."

त्याने मान हलवली. "म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला, आणि त्याने मला गाडीचं दार उघडून दिलं.