आईच्या माहेरच्या माश्या
वितळलेल्या मेणाचा वास आला की मला आईच्या मधमाश्या आठवतात. साठच्या दशकात वडिलांची जयपूरला बदली झाली, तेव्हा तिने महाबळेश्वरहून, माहेरून, माश्यांची एक पेटी रेल्वेने आणली आणि पुढे तिच्याच दोन पेट्या केल्या. आमच्या आसपास दुसऱ्या मधमाश्या नव्हत्या. काही काळाने पोळ्यातली निम्मी घरं रिकामी दिसू लागली; राणी अंडी घाली, पण निम्म्या अळ्या नाहीशा होत. "इथलं ऊन सोसत नाही त्यांना, मीच उगाच आणल्या," म्हणत आई पेट्यांवर ओली गोणपाटं टाकत राही. शेवटी तिने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारच्या बाईंना पोळं दाखवलं. त्या म्हणाल्या, "बहनजी, आपकी कोई ग़लती नहीं. ये सब एक ही घर की हैं." राणीला भावांखेरीज नर मिळत नाही, आणि अशा जोडीच्या बऱ्याच अळ्या कामकरी माश्याच काढून टाकतात, असं त्यांनी समजावलं. मग जयपूरजवळच्या बगरू गावात एका रंगाऱ्याच्या घराच्या भिंतीत रानटी पोळं असल्याचं कळलं. वडील म्हणाले, "अगं, चावतील." "चावू देत," म्हणत आईने ते स्वतः उतरवून तिसऱ्या पेटीत बसवलं. पुढच्या वसंतात जुन्या पेट्यांत नव्या राण्या तयार झाल्या, आणि आता त्यांना तिसऱ्या पेटीतले परके नर मिळाले. एका सकाळी आईने चौकट उचलली आणि हाक मारली, "अहो, बघा ना, सगळं भरलंय!" बोलता बोलता ती रडू लागली. तेव्हा मला हसू आलं होतं. परक्या गावात ती इतके दिवस स्वतःलाच दोष देत होती, हे आता कळतं.