मूद आणि मायक्रोवेव्ह

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे गोखिवऱ्याला राहायला आले. मी आणि नवरा सकाळी आठला घर सोडतो, परतायला सात वाजतात. एकदा बाबा गॅस चालू ठेवून खाली कट्ट्यावर गप्पा मारायला गेले, आणि त्याच आठवड्यात मी मायक्रोवेव्ह आणला. सकाळी मी काचेच्या डब्यात भात-वरण भरून फ्रिजमध्ये ठेवायचं, दुपारी त्यांनी गरम करून जेवायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमटी स्टीलच्या वाटीत ठेवली. ठिणग्या उडाल्या म्हणून शेजारच्या काकूंचा मला ऑफिसात फोन. मग उकडलेलं अंडं कवचासकट आत ठेवलं. ते फुटलं, आणि माझा अख्खा रविवार बलक खरवडण्यात गेला. मी दारावर कागद चिकटवला: स्टील नाही, अंडं नाही, झाकण सैल ठेवा, अर्ध्यात काढून ढवळा, परत लावा, मग दोन मिनिटं तसंच राहू द्या. बाबांनी चष्मा लावून तो वाचला.

"अक्षर सुधारलं हो तुझं," ते म्हणाले.

अंडी आणि वाट्या सुटल्या, पण ढवळणं काही होईना. भात कडेला चटका बसेल इतका गरम आणि मध्ये गारढोण. पोट बिघडलं. दुसऱ्यांदा बिघडलं तेव्हा सलाईन लावावं लागलं, आणि माणिकपूरच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. फ्रिजमधला भात आतपर्यंत वाफाळला पाहिजे, एवढंही कळत नाही का तुम्हाला? नाशिकच्या भावाने फोनवर निकालच देऊन टाकला: आता परत झालं, की मी येऊन त्यांना घेऊन जातो. बाबांना नाशिकला जायचं नव्हतं. त्यांचा कट्टा इथे, रविवारी पाचूबंदरला जाऊन घासाघीस करून आणलेली मासळी इथे. आणि त्यांनी जावं असं मलाही वाटत नव्हतं, फक्त हे त्यांना सांगायच्या ऐवजी मी त्यांच्यावर ओरडत होते.

रोज एक वाजता मी ऑफिसातून फोन करायचे.

"ढवळलं का?"

"हो गं बाय."

त्या 'हो'वरूनच कळायचं की नाही. डोकं फिरायचं माझं. आयुष्यभर कारखान्यात मशीन चालवलेल्या माणसाला एक चमचा फिरवता येऊ नये?

मग एकदा तापामुळे मी घरी राहिले. दुपारी बाबांनी फ्रिजमधून डबा काढला, झाकण सैल केलं, दीड मिनिट लावलं. मी दारात उभी राहून बघत होते. बीप झाल्यावर त्यांनी डबा बाहेर काढला, चमचा हातात घेतला, भाताकडे पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि डबा तसाच परत आत सरकवला.

"बाबा, तुम्हाला नाशिकला जायचंय का?" माझा आवाज चढला होता. "काय अडतंय हो ढवळायला?"

"मूद आहे ती, बाय. मोडवत नाही."

मी डबा बाहेर ओढला. आत खरंच मूद होती. वाटीत दाबून उपडी केलेली, वर वरणाचा ठिपका, आई ताटात वाढायची अगदी तशी. ती मीच घातली होती. सकाळच्या घाईत डबा भरताना माझा हात आपोआप वाटीकडे जात होता, आणि ते कधीपासून, हे मला आठवेना. भात मध्ये थंड राहावा म्हणून याहून चांगला आकार शोधूनही सापडला नसता. वर्षभर मी त्यांना धारेवर धरलं, आणि तो घट्ट गोळा रोज माझ्याच हातून डब्यात जात होता. मला स्वतःची भयंकर चीड आली.

"ती गेल्यावर वाटलं, संपलं आता," बाबा म्हणाले. "तर तू डब्यातसुद्धा घालतेस."

दुसऱ्या दिवशी मी भात डब्यात पसरला आणि मध्ये खड्डा केला. एक वाजता ऑफिसात फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

संध्याकाळी कुकर उघडल्या उघडल्या त्यांच्या ताटात मूद घातली. बाबांनी ती बोटांनी मोडली, आतून वाफ आली.

"दुपारी ढवळला हं मी," ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.