सरकवलेला ग्लास

नर्सिंगची पदवी हातात पडली आणि मी थेट पीएचडीला नाव नोंदवलं, तेव्हा आई कितीतरी दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. दूध संपलंय. कचऱ्याचा बिन बाहेर ठेव. काउन्सिलचं पत्र आलंय. बाबा मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. त्यातली एक रुसली की निम्मं घर रुसतं.

आई वॉर्ड सिस्टर, म्हणजे अख्ख्या वॉर्डची मुख्य नर्स. तिच्या मते नर्स वॉर्डवर घडते, युनिव्हर्सिटीत तिला फक्त सर्टिफिकेट मिळतं. "आधी चार वर्षं ड्यूट्या कर," ती म्हणाली. "शिफ्टवर पाय सुजू देत. मग कर काय रिसर्च करायचा तो. आत्ता तुला माहितीच काय आहे?"

खरं तर मला एकच गोष्ट माहीत होती आणि तीच मला सोडत नव्हती. शिकताना ज्या ज्या वॉर्डवर गेले, तिथे म्हाताऱ्या पेशंटच्या टेबलावर पाण्याचे ग्लास भरलेलेच दिसायचे. सकाळी भरलेले, दुपारी भरलेले. मग कुणाला चक्कर यायची, कुणी असंबद्ध बोलायला लागायचं, आणि सलाईन लावावं लागायचं. शेवटच्या वर्षी ग्लासगोच्या एका प्राध्यापिकेसमोर मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे ये, मधे थांबू नकोस. मीही आईला तेच सांगायला गेले आणि सांगताना जीभ घसरली. "दहा वर्षं ड्यूटी केली ना, की मलापण ते ग्लास दिसायचे बंद होतील."

"म्हणजे मला दिसत नाहीत?" आईने विचारलं. तिला लागलं होतं, आणि सॉरी म्हणूनही ते निघणारं नव्हतं.

ग्लासगोला गेल्यावर नर्स म्हणून असलेलं रजिस्ट्रेशन टिकावं म्हणून मी अधूनमधून शनिवारी वॉर्डवर शिफ्ट करायचे. आईने त्यावरून माझं नाव ठेवलं, शनिवारची नर्स. मी घरी आले की मंडळाच्या गणपतीत कुणी काकू विचारायच्या, "काय करते हो मुलगी?" आणि आई प्रसादाच्या प्लेट्स लावता लावता म्हणायची, "अजून शिकतेय." मी शेजारीच उभी असायचे. 'नर्स आहे' हे दोन शब्द उच्चारायला तिला काय जड जात होतं, देव जाणे! मला मात्र तेच दोन शब्द तिच्या तोंडून ऐकायचे होते. युनिव्हर्सिटी देणार असलेल्या डॉक्टर या बिरुदापेक्षाही जास्त.

माझं काम म्हणजे वॉर्डच्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत बसणं. अंगावर युनिफॉर्म नाही, गळ्यात फक्त ओळखपत्र. पेशंटची आणि वॉर्डची परवानगी घेतलेली. नियम असा, की कुणाला धोका असेल तर ड्यूटीवरच्या नर्सला लगेच सांगायचं, एरवी कशात हात घालायचा नाही. पाणी कुणी ठेवलं, कुठे ठेवलं, पेशंट प्यायला का, हे तेवढं टिपायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण नर्सिंग शिकलेल्या बाईला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षा आहे. कुणाची उशी घसरली तरी माझे हात शिवशिवायचे.

त्या वॉर्डवर एक मराठी आजी होत्या. मुलगा तिकडेच डॉक्टर, दुसऱ्या हॉस्पिटलात. आजी घरात पडल्या होत्या आणि चालायला दोन नर्सचा आधार लागत होता. मला मराठी येतं म्हटल्यावर त्यांनी परवानगीच्या कागदावर सही करता करताच माझं माहेर, सासर, सगळं विचारून घेतलं. सासर नाही म्हटल्यावर हळहळल्या.

त्यांचा ग्लास मला कायम टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला दिसायचा, हात पुरणार नाही असा. मी टिपत होते, ग्लास लांब, ग्लास लांब. आणि मनातल्या मनात त्या वॉर्डच्या मुलींवर चरफडत होते. येतात, ग्लास ठेवतात, "ड्रिंक अप, हेन," असं तिकडच्या लाडाच्या बोलीत म्हणतात आणि पळतात. म्हातारीचा हात तिथवर पोचतो का, एवढं बघता येत नाही? आईला हे कधी सांगते असं मला झालं होतं.

एका दुपारी आजींचे ओठ अगदीच सुकलेले दिसले. मला राहवलं नाही. नियम बाजूला ठेवून मी उठले, ग्लास त्यांच्या हाताशी सरकवला आणि मोठं पुण्य केल्यासारखी परत खुर्चीत येऊन बसले. आजी माझ्याकडे बघून गोड हसल्या. मी मान खाली घातली आहे असं वाटल्यावर त्यांनी दोन बोटांनी तो ग्लास हळूच ढकलला, पार पलीकडच्या कडेपर्यंत.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "आजी, पाणी नको का?"

"हवंय गं. घसा कोरडा पडलाय."

"मग लांब का ढकललात?"

"समोर असलं की प्यावंसं वाटतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्यायलं की जावं लागतं. आणि मला न्यायचं म्हणजे दोन पोरी लागतात. बघतेस ना त्यांची पळापळ? बेल दाबायची माझ्या अगदी जिवावर येतं."

इतके दिवस मी ग्लास ठेवणारे हात बघत होते. ग्लास ढकलणारा हात माझ्या समोर होता आणि तो मला दिसला नव्हता. ज्या मुलींवर मी चरफडत होते, त्यांचीच दया येऊन ही बाई तहानलेली बसली होती. ड्यूटीवरच्या नर्सला मी सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ओह, द पुअर सोल," आणि मदतीला दुसरीला हाक मारून लगेच आजींकडे गेली.

मी प्राध्यापिकेकडे गेले. पहिल्या वर्षाचं परीक्षण तोंडावर आलं होतं आणि माझी सगळी टिपणं चुकीच्या हाताकडे बघून केलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नियम मोडलास, तेही प्रबंधात लिही," त्या म्हणाल्या. "आणि आता प्रश्न बदल. पाणी कोण देत नाही, हे सोड. पेशंट मागत का नाहीत, ते बघ."

मी आनंदाने आईला फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हे कळायला पीएचडी लागते? कुठल्याही नर्सला विचार, सांगेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माहीत होतं तर तू काय करायचीस मग?"

"वेळ कुठे असतो गं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. रागाच्या भरात जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं मी गिळलं.

पुढच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लंडनमध्येच, पण दुसऱ्या हॉस्पिटलात. मी ग्लासगोहून सकाळच्या ट्रेनने निघाले आणि भेटीच्या वेळेला वॉर्डवर पोचले. आई उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. टेबलावर ग्लास भरलेला. पलीकडच्या कडेला.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पिणार आहे मी नंतर."

"आई."

"अगं, त्या पोरीकडे बघ ना. सकाळपासून या साइडला एकटी आहे ती. अजून लंच ब्रेकसुद्धा नाही घेतलेला तिने. तिला मी बेल मारू? मी?"

आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी प्या, पाणी प्या म्हणून दटावणारी बाई ही. मला हसू आलं आणि रडूही. मी ग्लास तिच्या हाताशी सरकवला. सवयीने तिची बोटं पुढे आली, ग्लासला टेकली आणि थांबली. मी तिच्या हाताकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हेच बघत बसतेस का गं तू तिकडे?"

"हेच."

तिने ग्लास उचलला आणि घटाघटा सगळा प्यायली. मी दुसरा भरून दिला, तोही अर्धा प्यायली. मग आम्ही घरच्या गप्पा मारल्या. थोड्या वेळाने ती चुळबुळ करायला लागली, पण बेलकडे काही हात जाईना. मीच जाऊन त्या नर्सला विचारलं, आईला बाथरूमला नेऊ का. ती म्हणाली, वॉकर आणि सोबत एक जण असेल तर चालेल, आणि माझ्याकडे बघून मनापासून थँक्यू म्हणाली.

आईला उभं करत होते, तेवढ्यात शेजारच्या बेडवरच्या बाईंनी विचारलं, "इज दॅट युअर डॉटर, लव्ह? व्हॉट डझ शी डू?"

मी खाली बघून तिच्या सपाता सरळ करत होते. अजून शिकतेय, हे ऐकायची तयारी ठेवली होती.

"शी इज अ नर्स," आई म्हणाली.

माझे डोळे भरून आले. समोरची सपातसुद्धा दिसेना.

"रडतेस काय? चल लवकर," आई मराठीत कुजबुजली. "दीड ग्लास पाजलंयस मला."