उजवा खांदा

"डावा खांदा मऊ आहे, पण पोरीचा उजवा दगड झालाय," पडद्यापलीकडे सुमनताई मदतनीस बाईंना सांगत होत्या. मी टेबलावर पालथी पडून ऐकत होते.

मसाजचा कोर्स करण्याआधी ताई घरोघर बाळंतिणींना मालिश करायच्या. सासरी सून कशी राहते, ते त्यांना म्हणे पाठीवरूनच कळायचं. आत येऊन त्यांनी गाठीवर अंगठा ठेवला. चोळला नाही, नुसता दाबून धरला. "गाठीशी झटायचं नसतं. ती सोडेपर्यंत थांबायचं."

गाडीत तो माझ्या उजवीकडे बसतो. चिडला की आधी काचा वर करतो. साखरपुड्यापासून मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. आपण चारचौघांत छान हसत राहतो, आणि अंग आपल्याला न विचारता कसली तरी तयारी करून ठेवतं.

खुर्चीवर फोन थरथरला. अंगठ्याखाली खांदा उडाला.

"कोण गं?"

"होणारा नवरा. खाली गाडीत थांबलाय."

ताईंचा अंगठा हलला नाही. फोन पुन्हा थरथरला, मग पुन्हा.

"ताई," मी म्हणाले, "इथून मागच्या बाजूने बाहेर पडता येतं का?"