वोरोंत्सोवाला हरवलेली मुलगी

लारिसा वोरोंत्सोवा टेनिसमध्ये जगात तिसरी झाली, ती बातमी शर्वाणीला डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कळली. दोन हजार चौदा साल. समोरच्या टीव्हीवर ती उंच रशियन बाई हात उंचावून उभी होती. शर्वाणीने डबा तसाच झाकला आणि ती जागेवर जाऊन बसली. दुपारभर ती सगळ्यांशी फटकून वागली.

तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ज्युनिअर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शर्वाणीने याच लारिसाला तीन सेटमध्ये हरवलं होतं. दोघी सोळा वर्षांच्या. पुढची स्पर्धा ताश्कंदला होती. तिकीट झालं होतं, व्हिसा आला होता. निघायच्या आदल्या दिवशी ती सरावाला गेली, तर तिचे प्रशिक्षक पुरुषोत्तम सरांनी मान खाली घालून सांगितलं, तुझ्या बाबांचा फोन आला होता, बारावी तोंडावर आहे म्हणून तू खेळणं सोडतेयस. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. घरी तिने रडून आकाशपाताळ एक केलं. बाबांनी, मोरेश्वररावांनी, पेपरातून डोकं वर काढलं नाही. ती इंजिनिअर झाली, श्रेयसशी लग्न करून डब्लिनला आली, ॲडम्सटाउनला घर घेतलं. सगळं रीतसर झालं.

पण लारिसा काही तिला सोडेना. ती पॅरिसला उपांत्य फेरीत हरली तेव्हा शर्वाणीला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला इतकी चीड आली की तिने टीव्हीच बंद केला. सतरा साली लारिसाच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. क्रमवारीत शंभराच्या बाहेर फेकली गेलेली ती बाई वर्षभर लहानसहान गावांत रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळली आणि पुन्हा पहिल्या विसात आली. त्यातला एकही सामना शर्वाणीने चुकवला नाही. श्रेयस म्हणायचा, त्रास होतो तर बघतेस कशाला?

एकोणीसच्या उन्हाळ्यात लारिसाने निवृत्ती जाहीर केली. त्याच सुमारास मोरेश्वरराव लेकीकडे आले होते. रविवारी चार मराठी कुटुंबं जेवायला आली. किलकेनीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर शैलेंद्र आणि त्यांची बायको पद्मजा मुद्दाम एवढ्या लांबून आले होते. बोलता बोलता लारिसाच्या निवृत्तीवरून टेनिस निघालं आणि मोरेश्वररावांना चेव चढला. आमच्या शर्वाणीने हिला लोळवलं होतं, ते सांगू लागले. तो शेवटचा सेट त्यांनी असा रंगवला, जणू रॅकेट त्यांच्याच हातात होती. त्या दिवशी ते बँकेत होते, सामन्याला आलेच नव्हते.

"मग पुढे का नाही खेळली?" पद्मजाने विचारलं.

"तिनेच सोडलं हो," मोरेश्वरराव हसून म्हणाले. "अभ्यासाची फार ओढ. आम्ही कधी आडकाठी केली नाही."

शर्वाणी पुऱ्या घेऊन येत होती. तिने ताट टेबलावर ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"मी सोडलं नव्हतं, बाबा. तुम्ही सरांना फोन केलात आणि माझ्या नावावर खोटं सांगितलंत. आज अठरा वर्षांनी तेच खोटं माझ्याच घरात सांगताय."

"अगं, त्या वेळी कोणाच्या मुली एकट्या परदेशी जात होत्या? आज काय कमी आहे तुला? आणि तू काय तिच्याएवढी झाली असतीस?"

"नसते झाले. कदाचित पहिल्या पाचशेतही आले नसते. पण ते मला कोर्टवर कळायला हवं होतं. तुम्ही फोनवर ठरवायचं नव्हतं. आणि तो विजय माझा आहे. यापुढे तो कुणाला सांगायचा नाही."

डॉक्टर शैलेंद्रनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. श्रीखंड कुणीच दुसऱ्यांदा घेतलं नाही.

उरलेले तीन आठवडे बापलेक चहा आणि पावसापुरते बोलले. मोरेश्वररावांनी माफी मागितली नाही. विमानतळावर ती वाकून पाया पडली, एवढंच. गाडीत बसल्यावर श्रेयस म्हणाला की, म्हातारे झालेत, सोडून दे आता. ती म्हणाली, सोडून देण्याचं काम एकदा झालंय, माझ्या नावावर.

त्याच महिन्यात ती लूकनजवळच्या क्लबात गेली आणि हौशी लीगमध्ये नाव घातलं, अगदी खालच्या गटात. पहिला सामना मोरीन नावाच्या निवृत्त शिक्षिकेशी झाला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या त्या बाईने शर्वाणीला सरळ दोन सेटमध्ये धुतलं आणि "यू वेअर ग्रँड", छान खेळलीस, म्हणून पाठ थोपटली. शर्वाणीने एक चेंडू कुंपणावर असा हाणला की शेजारच्या कोर्टवरचे वळून बघू लागले.

रविवारी पुण्याहून फोन आला. श्रेयसने सासऱ्यांना सांगून टाकलं होतं.

"जिंकलीस का?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"हरले."

"मग या वयात कशाला हा खटाटोप?"

शर्वाणीने फोन श्रेयसच्या हातात दिला, बूट घातले आणि भुरभुरत्या पावसात सरावाला निघून गेली.