रेहानाच्या रॅकेटला लागलेलं शटल

गगनबावड्याच्या एका शाळेत बक्षीस समारंभासाठी गेले होते. सकाळचे अकरा वाजून गेले तरी पटांगणावरचं धुकं हटलं नव्हतं. समोर बसलेल्या मुलांच्या शेवटच्या रांगा नुसत्या आवाजावरून कळत होत्या. मुख्याध्यापक माझी ओळख करून देत होते. त्या ओळखीतलं एक वाक्य ठरलेलं असतं, अठरा वर्षं मी ते ऐकत आलेय : 'बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत देशाला पदक मिळवून देणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या शैलजाताई...' नेमकं ते वाक्य चालू असताना मांडीवरचा फोन थरथरला. घाटमाथ्यावर रेंज धड नसते, त्यामुळे अडकून पडलेले तीन-चार मेसेज एकदम आले. सगळे इकबालभाईंचे, म्हणजे दुहेरीतल्या माझ्या जोडीदाराच्या, रेहानाच्या नवऱ्याचे. पहिला होता, 'रेहानाच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय.' शेवटचा, 'रेहाना गेली. दुपारच्या नमाजनंतर माती.' मी मान वर केली तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मुख्याध्यापक मला माईककडे बोलावत होते. मी उठले, काहीतरी बोललेही असेन... काय बोलले ते आजही आठवत नाही.

कोल्हापूरला पोचेपर्यंत पुरुष मंडळी तिला घेऊन गेली होती. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिची मुलगी सानिया उठून माझ्याजवळ आली, माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमची वाट बघितली सगळ्यांनी." मला रडू आलं नाही. ज्या जोडीच्या पदकासाठी सकाळी टाळ्या वाजल्या होत्या, त्यातली एक मातीत गेली होती, आणि मला त्या घरात पहिल्यांदा सुचलेला विचार असा होता, की आता ते फक्त मला माहीत आहे. या विचाराची लाज वाटते. पण तो आला होता, म्हणून लिहिते.

आम्ही बारा वर्षांच्या असताना बॅडमिंटनच्या सरांनी आमची जोडी लावली. मी कागलच्या बाजूच्या शेतकरी घरातली, दूध घालून होईपर्यंत आई सोडायची नाही म्हणून सरावाला रोज उशिरा पोचणारी. रेहानाच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि मुली त्यावरून तिला चिडवायच्या. मी उंच आणि संथ, ती ठेंगणी आणि विजेसारखी. दुसऱ्या कुणालाच आम्ही नको होतो, म्हणून सरांनी आम्हा दोघींना एका बाजूला उभं केलं आणि सांगितलं, रेहाना पुढं नेटजवळ, शैलजा मागं. पुढची अकरा वर्षं तेच राहिलं. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची, आणि खेळताना तर अखंड बोलायची. बाहेरगावच्या पंचांनी तिला कितीदा तरी तंबी दिली असेल. शटलची पिसं लवकर तुटू नयेत म्हणून ती सामन्याच्या आदल्या दिवशी अम्मींच्या चहाच्या भांड्यावर ती वाफवायची; वाफेत तोंड घालून एकेक पीस सरळ करत बसायची आणि मला सांगायची, "तू फक्त मागं उभी ऱ्हा. तू मागं हायस म्हटलं की मला बघाय लागत न्हाय."

ती मोठी स्पर्धा परदेशात होती. सगळे खेळ एकाच शहरात, सगळे खेळाडू एकाच वसाहतीत. जेवायच्या हॉलमध्ये शेजारी बसलेला माणूस कुस्ती खेळतो की पोहतो याच्या आम्ही पैजा लावायचो. आमच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे भीतीही नव्हती. पहिले दोन सामने आम्ही असे खेळलो की संघाचे प्रशिक्षक आमची नावं नीट उच्चारायला शिकले. मग उपांत्यपूर्व सामना आला. तो जिंकला की पदक पक्कं, कारण पुढच्या फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळणार होतं.

समोर एका छोट्या बेटांच्या देशातल्या दोघी होत्या. एक उंच, एक ठेंगणी, अगदी आमच्यासारख्याच. कोर्ट कडेचं होतं, तिथं टीव्हीचे कॅमेरे नव्हते, प्रेक्षकही पाच-पन्नास. तिसऱ्या गेममध्ये आम्ही वीस आणि त्या एकोणीस. त्यांच्यातल्या ठेंगणीनं शटल जोरात खोलवर मारलं. रेहानानं नेटजवळ उडी मारून रॅकेट वर नेली, शटल तिच्यावरून निसटून माझ्याकडे आलं, मी ते सोडून दिलं आणि ते मागच्या रेषेबाहेर पडलं. रेषेवरच्या पंचानं दोन्ही हात पसरले. आम्ही जिंकलो होतो... पण त्याआधी मी आवाज ऐकला होता. रॅकेटच्या चौकटीला पीस घासल्याचा आवाज, नखानं कागद खरवडावा एवढाच. शटल रॅकेटला लागलं असेल तर ते कुठंही पडो, गुण त्यांचा. मग वीस-वीस.

त्यांच्यातली उंच मुलगी बोट दाखवून पंचांना सांगत होती. पंच खुर्चीतून वाकले आणि त्यांनी रेहानाला विचारलं, तुझ्या रॅकेटला लागलं का? रेहानाची पाठ माझ्याकडे होती. तिचे खांदे वर गेले, ती बोलण्यासाठी श्वास घेतेय हे मला मागून दिसलं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नो. नो टच." माझा आवाज मोठा आहे. पंचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ती काहीच बोलली नाही. त्यांनी निकाल जाहीर केला. हात मिळवताना ठेंगणी मुलगी कुणाकडेच बघत नव्हती. ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. तिला ती सुटेना. उंच मुलगी मात्र रेहानाकडे बघत राहिली, रागानं नव्हे, काहीतरी ऐकायची वाट बघावी तशी.

त्या संध्याकाळी खोलीत रेहाना म्हणाली, "शैले, लागलं हुतं. मी व्हय म्हणणार हुतो."

मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

कोर्टावरचं खोटं अर्ध्या सेकंदात निघालं होतं. हे दुसरं मी विचार करून बोलले. तिच्या तोंडाकडे बघून बोलले. ती दिवा न लावता चादर ओढून झोपली. उपांत्य सामना आम्ही सरळ हरलो. पदक गळ्यात पडलं.

कोल्हापुरात उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, चौकाचौकात हार. मी हात हलवत होते. रेहानानं पदक आत टाकून जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. उन्हानं घाम निथळत होता तरी तिनं ती खाली केली नाही. लोकांना वाटलं, पोरगी लाजतीय. पुढं पदकावर दोघींनाही सरकारी नोकरी मिळणार होती. मी अर्ज केला, तिनं केला नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, तिनं स्पर्धा सोडल्या, आणि सगळ्या गावानं ठरवून टाकलं की सासरच्यांनी खेळ बंद केला. इकबालभाईंच्या तोंडावरही लोक ते बोलायचे. खरं कारण मला माहीत होतं, निदान अंदाज होता, आणि मी एकदाही कुणाला अडवलं नाही.

आमची मैत्री तुटली असं मात्र झालं नाही. ईदला ती शीरखुर्मा घेऊन यायची, माझ्या मुलांची आजारपणं तिनं काढली. फक्त त्या सामन्याबद्दल आम्ही बोलायचो नाही. पण तो आवाज माझ्याकडे राहिला. सुरुवातीला वर्तमानपत्राचं पान उलटताना, केसांतून कंगवा फिरवताना यायचा. नंतर त्याला कशाची गरज राहिली नाही. कार्यालयात बैठकीत, रांगेत, सासूबाईंच्या उशाशी... अचानक कानामागं तेवढंच, आणि माझी मान आपोआप वळायची. डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम आहेत म्हणाले.

ती जाण्याच्या तीन आठवडे आधी, एका दुपारी ती न सांगता घरी आली. गॅलरीत बसली. चहा निवत ठेवून म्हणाली, "शैले, चाळिशी उलटली. आता तरी एकदा बोलूया की." कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. म्हणाले, आज मला निघायचंय, पुढच्या रविवारी मीच येते. ती हसली. "ये की. मी हाय तिथंच हाय." तो रविवार मी गेले नाही, पुढचाही नाही...

चाळिसाव्याला तिच्या घरी गेले तेव्हा सानियानं एक फाइल माझ्या हातात ठेवली. अम्मीच्या कपाटात होती, तुम्ही वाचावी असं वाटतं, म्हणाली. आत एका पत्रव्यवहाराच्या छापील प्रती होत्या. सहा वर्षांपूर्वी रेहानानं त्या उंच मुलीचा इंटरनेटवर पत्ता शोधून तिला लिहिलं होतं. मोडकं इंग्रजी, पण एकही वाक्य आडपडद्याचं नाही. शटल माझ्या रॅकेटला लागलं होतं. मला माहीत होतं. पंचांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. चूक माझी एकटीची आहे, माझ्या जोडीदाराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

उत्तर चार दिवसांनी आलेलं होतं. तिनं लिहिलं होतं, आवाज मीही ऐकला होता. पण माझ्या जोडीदाराला तो ऐकू आला नाही. शेवटचा फटका तिचा होता, आणि देशाचं पदक आपण बाहेर मारलं असंच ती समजत राहिली. त्यानंतर ती एक वर्षही खेळली नाही. तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी आम्ही कदाचित हरलोच असतो, पण मग ती खेळत राहिली असती. आज मी तुमचं पत्र घेऊन तिच्या घरी जातेय.

मी फाइल मिटली. ठेंगणी मुलगी, न सुटणारी नाडी... अठरा वर्षं मी फक्त रेहानाचा विचार करत होते, तोही चोरून. त्या मुलीचा केलाच नव्हता. बाहेरच्या खोलीत इकबालभाई एकटे होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पंचांना 'नाही' म्हणणारी मी होते, रेहाना 'हो' म्हणणार होती. ते म्हणाले, "लग्नाआधीच तिनं मला सांगितलं हुतं. पण न्हाई म्हणणारी ती स्वतः हुती, असं. मी अठरा वर्षं तिला समजावत बसलो, की माणसाकडनं हुतंय एकदा." मग माझ्याकडे न बघता ते एवढंच म्हणाले, "उगीच समजावलं की मी."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं. त्या आठवड्यात मी त्या उंच बाईंना पत्र पाठवलं, रेहाना गेल्याचं कळवलं आणि तिच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं हेही लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी हे इथं छापून यावं असं मला वाटलं. ज्या शाळांतून माझी ती ठरलेली ओळख करून दिली जाते, तिथं वर्तमानपत्राची ही पुरवणी पोचते.

रेहाना राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये सकाळी बायकांचा वर्ग घ्यायची. दवाखाने उघडण्याआधीचा, शिकवण्या सुरू होण्याआधीचा तास-दीड तास. परवा मी तिथं पहिल्यांदा गेले. वाटलं होतं वर्ग बंद पडला असेल. पण आठ-नऊ जणी नेट बांधून खेळत होत्या. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक डॉक्टरबाई मध्येच थांबल्या, रॅकेट वर करून म्हणाल्या, "माझं लागलं," आणि गुण समोरच्यांना देऊन खेळ पुढं चालू झाला. कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तासाभरात चारदा तसं झालं. रेहानानं लावलेली सवय, दुसरं काही नाही.

एक जण कमी होती, म्हणून त्यांनी मला आत बोलावलं. पुढं उभ्या राहणार की मागं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी पुढं म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा नेटजवळ, तिच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिथून समोरच्या दोघी दिसतात. पंचांची रिकामी खुर्ची दिसते. मागं उभी असलेली आपली जोडीदार दिसत नाही, तिचा नुसता आवाज ऐकू येतो.